सोयाबीनची रास आणि दम्याचा त्रास : ओळख, तपासणी आणि औषधाची संपूर्ण माहिती

सोयाबीनच्या बनिमी मोडायला सुरुवात झाली आहे. थ्रेशरचा नंबर लागला की दोन-तीन तासांत रास होते. पण त्या दोन-तीन तासांत जो धुरळा उडतो, तो गावातल्या काही जणांना पुढचे आठ-पंधरा दिवस झोपू देत नाही. रात्री दोन-तीनला उठून बसायचं, उशी पोटाशी धरायची आणि सकाळी दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची. दरवर्षी हेच.

माझे चुलते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, असेच रास करून रात्री घरी आले आणि त्यांना दम लागला. खिशात पंप होता. त्यांनी दाबला, फुस्स आवाजही आला, पण फरक पडेना. नंतर कळलं की त्यातलं औषध कधीच संपलं होतं, नुसता गॅस येत होता. गाडी शोधण्यात पाऊण तास गेला. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. अण्णांना दमा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण दम्याचं रोज घ्यायचं औषध वेगळं असतं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मलाही दमा आहे. सुया घेण्यात अकरा वर्षं घालवली, मग नीट तपासणी झाली. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे. जगातल्या आजारांचा जो मोठा अभ्यास होतो, त्याच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातल्या दर आठ दमेकऱ्यांमागे एक भारतीय. पण दम्याने मरणाऱ्यांत मात्र दर पाचामागे दोन भारतीय. आजार सगळीकडं सारखाच आहे. आपल्याकडं औषध चुकीचं किंवा अर्धवट घेतलं जातं, हे त्यामागचं मोठं कारण आहे.

दमा म्हणजे नेमकं काय?

फुफ्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. दमेकऱ्याच्या नळ्यांना आतून कायम थोडी सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असं काही लागलं की तीन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. नळी आधीच बारीक, ती आणखी बारीक होते. श्वास कसाबसा आत जातो, पण बाहेर निघत नाही. त्यातून जो शिट्टीसारखा आवाज येतो त्याला आपण घरघर म्हणतो.

यातला महत्त्वाचा शब्द आहे ‘कायम’. दम लागत नसतो तेव्हाही सूज असतेच. सुईने आवळलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी होते. सूज जायला रोजचं औषध लागतं.

दमा संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. घरात कुणाला दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा लहानपणी अंगावर खाजरे चट्टे असतील, तर होण्याची शक्यता जास्त असते.

कशावरून ओळखायचं?

लक्षणं चार आहेत : धाप, घरघर, खोकला आणि छाती आवळल्यासारखी वाटणं. चारही असतीलच असं नाही. काहींना फक्त कोरडा खोकला येतो, विशेषतः लहान मुलांना. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर दम्याची शंका घ्यावी.

१. त्रास येतो आणि जातो. चार दिवस माणूस ठणठणीत, पाचव्या दिवशी बसून राहतो.
२. रात्री किंवा पहाटे त्रास वाढतो.
३. ठरावीक कारणाने वाढतो : मळणी, झाडलोट, चुलीचा धूर, उदबत्ती, थंडी, पळणं, जोरात हसणं.
४. साधी सर्दी झाली की ती छातीत उतरते आणि खोकला आठवडेच्या आठवडे राहतो.

प्रत्येक धाप म्हणजे दमा नाही, हेही लक्षात ठेवा. बरीच वर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीपुढं आयुष्य काढलेल्या माणसाला चाळिशीनंतर जी धाप सुरू होते आणि वर्षागणिक वाढतच जाते, ती बहुतेकदा सीओपीडी या वेगळ्या आजाराची असते. पायावर सूज आणि आडवं झाल्यावर धाप असेल तर हृदय तपासावं लागतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असं असेल तर आधी थुंकीची टीबीची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

तपासणी कोणती?

दमा एक्स-रेत दिसत नाही. दमेकऱ्याचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच येतो. एक्स-रे काढतात तो टीबी, न्यूमोनिया असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. ‘फोटो नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ असं समजून मी तीन वर्षं गप्प बसलो होतो.

दम्याची खरी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. यात नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि नळीत जोरात फुंकायला सांगतात. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. मग नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे फवारे देतात, पंधरा मिनिटं थांबवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसात दुसऱ्या वेळी आकडा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढला, म्हणजे दोन्ही जमलं, तर दम्याला बळकट पुरावा मिळतो. माझा आकडा १८०० वरून २१५० वर गेला होता. म्हणजे ३५० मिलिलिटरची, सुमारे १९ टक्क्यांची वाढ. सुई नाही, रक्त नाही, फक्त दम लावून फुंकायचं.

त्रास नसताना तपासणी केली तर ती नॉर्मल येऊ शकते. त्यामुळं एकदा नॉर्मल आली म्हणून दमा नाहीच, असं होत नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हे फुंकणं जमत नाही. त्यांचं निदान डॉक्टर लक्षणांवरून आणि औषधाने किती फरक पडतो यावरून करतात.

दुसरं साधं साधन म्हणजे पीक फ्लो मीटर. हातात मावणारी नळी असते, त्यावर काटा असतो. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिहून ठेवले की चढउतार कळतो. दम्यात हा चढउतार जास्त असतो.

तुमच्या हातातला मोबाईलही इथं कामाला येतो. रात्री तीनला लागलेली घरघर सकाळी अकराच्या ओपीडीपर्यंत थांबत नाही. म्हणून त्रास होत असताना घरच्यांनी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवावा, आवाजासकट. डॉक्टरला दाखवा, त्यांचं काम सोपं होतं.

औषधं दोन प्रकारची

अण्णांचं जे चुकलं ते इथं. दम्याची औषधं दोन प्रकारची असतात.

*तात्पुरता आराम देणारं :* सालब्युटामॉल किंवा लेव्होसालब्युटामॉल. आवळलेली नळी काही मिनिटांत मोकळी होते, असर चार-सहा तास राहतो. सूज तशीच राहते. हा पंप बहुतेकदा निळसर असतो, पण रंगावर जाऊ नका, पाकिटावरचं नाव वाचा.

*सूज कमी करणारं, रोजचं :* बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांपैकी एक. याने लगेच काही वाटत नाही. फरक पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणूनच लोक ‘याने काही होत नाही’ म्हणून सोडून देतात. पण अटॅक आणि मरण टाळतं ते हेच औषध.

काही पंपांत बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल अशी दोन औषधं एकत्र असतात. असा पंप रोजही घेता येतो आणि दम लागल्यावरही. तुमच्या डॉक्टरांनी तो कसा घ्यायला सांगितला आहे ते कागदावर लिहून घ्या. दम्यावर जगभर जी मार्गदर्शक तत्त्वं पाळली जातात, त्यांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आणि १२ वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या सालब्युटामॉलवर राहू नये, सोबत सूज कमी करणारं औषध असलंच पाहिजे. वर्षात सालब्युटामॉलचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील, तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा.

‘पंपाची सवय लागते’ आणि इतर गैरसमज

*सवय लागते का?* नाही. चष्म्याची सवय लागते का, तसाच हा प्रश्न. आजार आहे तोवर औषध लागतं. दमा मुळातून जात नाही, पण नीट आटोक्यात राहतो. आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस कमी करत नेतात. लहानपणीचा दमा बऱ्याच मुलांमध्ये वयाबरोबर कमीही होतो.

*पंप म्हणजे शेवटचं औषध?* उलट आहे. पंप हे पहिलं औषध. आपण ठिबक का लावतो? पाणी थेट मुळाशी जातं, कमी लागतं, रान चिभडत नाही. पंपाचं तसंच आहे. औषध थेट नळीत जातं. गोळी आणि सुई म्हणजे पाटाने मोकाट पाणी. सगळ्या अंगात फिरतं.

*पंपात स्टेरॉइड असतं ना?* असतं, पण किती ते बघा. एका फवाऱ्यात साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम. स्टेरॉइडची एक १० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे २०० वाले पन्नास फवारे. ‘पंप नको, गोळी द्या’ म्हणणारा माणूस थोडं स्टेरॉइड टाळून पुष्कळ स्टेरॉइड घेत असतो. वरचेवर अशा गोळ्या-सुया घेतल्या की शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. मोठ्या अटॅकनंतर डॉक्टर पाच-सात दिवस गोळ्या देतात, त्या पूर्ण घ्या. पण तेच पाकीट पुढच्या वेळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

*मासा गिळल्याने, कोजागिरीच्या खिरीतल्या औषधाने दमा जातो?* मृगाला हैदराबादला जाणारे लोक आपल्या भागात आहेत. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध देणारेही आहेत. याने दमा जातो याला शास्त्रीय पुरावा नाही. ज्याची श्रद्धा असेल त्याने जावं, पण पंप सोडून जाऊ नये. बिनलेबलच्या पुड्यांपासून मात्र सावध राहा. एका पुडीत दोन दिवसांत चमत्कार होत असेल तर शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडलेली आहे.

*मुलीचा पंप लपवायचा का?* लग्न जमणार नाही म्हणून पोरीला चारचौघांत पंप घेऊ न देणारी घरं मी पाहिली आहेत. आजार लपतो, अटॅक लपत नाही. गरोदरपणातही पंप बंद करायचा नसतो. आईचा श्वास कोंडला तर पोटातल्या बाळाचाही कोंडतो.

पंप घ्यायची पद्धत

औषध बरोबर पण पद्धत चुकीची, असे पुष्कळ जण आहेत. औषध जिभेवर पडतं, छातीत जात नाही.

*गॅसचा पंप :* हलवा. पूर्ण श्वास सोडा. ओठ घट्ट मिटा. हळू श्वास आत घ्यायला लागा आणि त्याच वेळी एकदा दाबा. पोट भरून श्वास ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. दुसरा फवारा घ्यायचा तर अर्धा ते एक मिनिट थांबा. लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना हे जमत नाही, त्यांनी स्पेसर लावावा. स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकचा पोकळ डबा, पंप आणि तोंड यांच्या मध्ये लावायचा. मोठ्यांनाही त्याने जास्त औषध मिळतं.

*कॅप्सूलचा पंप :* यातली कॅप्सूल गिळायची नसते! ती यंत्रात घालून फिरवायची आणि आतली पावडर ओढायची. गॅसचा पंप हळू ओढायचा, पावडरीचा मात्र जोरात आणि झपकन. यंत्रात फुंकर मारायची नाही, पावडर दमट होते.

रोजचं स्टेरॉइडचं औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर तोंड येतं, आवाज बसतो.

*पंप संपला कसा ओळखायचा?* गॅसच्या पंपात साधारण २०० फवारे असतात, किंवा पाकिटावर लिहिलेले असतात तेवढे. काहींवर आकडा दिसतो. ज्यावर आकडा नाही त्यावर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा आणि हिशोब ठेवा. पाण्यात तरंगतो का बघायची पद्धत भरवशाची नाही. नुसता आवाज आला म्हणजे औषध आहे असंही नाही.

सोयाबीनचा धुरळा : बार्सिलोनाची गोष्ट

धुरळ्याने एवढं काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. स्पेन देशात बार्सिलोना हे बंदराचं शहर आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथं २६ वेळा असं झालं की अचानक एकाच दिवशी दवाखान्यांत दमेकऱ्यांची रीघ लागली. काही जण दगावले. कारण सापडेना. शेवटी तारखा जुळवल्या तेव्हा कळलं की ज्या दिवशी बोटीतून सोयाबीन उतरवून बंदरावरच्या कोठारात भरलं जायचं, त्याच दिवशी हे व्हायचं. सोयाबीनच्या टरफलाचा बारीक धुरळा वाऱ्याने शहरावर जात होता. कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. तिथले लोक बंदरापासून लांब होते. आपण तर थ्रेशरच्या तोंडाशी उभे असतो.

म्हणून दमेकऱ्याने इतकं करावं :

- थ्रेशरच्या तोंडाला किंवा गुळी पडते त्या बाजूला उभं राहू नये. वाऱ्याच्या उलट बाजूला, लांबचं काम घ्यावं.
- रुमाल-उपरण्याने जाड कचरा अडतो, बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क घट्ट बसवून वापरावा.
- रास झाली की अंघोळ करून कपडे बदलावेत. पोत्यांची थप्पी असलेल्या खोलीत झोपू नये.
- रोजचं औषध हंगामाच्या आधीपासून चुकवू नये. आरामाचा पंप खिशात असावा, भरलेला.
- गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटावं, ते दमेकऱ्याने नव्हे, दुसऱ्याने.
- उसाचं पाचट जाळू नये. फवारणी आणि शेणखत पसरायचं काम दुसऱ्याला द्यावं.
- चुलीजवळ दमेकरी बाई असेल तर गॅसला पहिला मान तिचा. चूल पेटवायचीच तर कोरडं जळण आणि उघडी खिडकी.
- डासांची कॉइल बंद. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघाले. मच्छरदाणी लावा.

अंगदुखीच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना अटॅक येतो. बीपीच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबही चालत नाहीत. दुकानातून कुठलीही गोळी घेताना ‘मला दमा आहे’ हे आधी सांगा.

तुमचा दमा आटोक्यात आहे का?

मागचे चार आठवडे आठवा आणि उत्तर द्या.

१. दिवसा त्रास आठवड्यात दोनदापेक्षा जास्त झाला का?
२. दम्यामुळं रात्री एकदा तरी जाग आली का?
३. आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला का?
४. दम्यामुळं एखादं काम टाळावं लागलं का?

चारही ‘नाही’ असतील तर उत्तम. एक-दोन ‘हो’ म्हणजे ढिलाई आहे. तीन-चार ‘हो’ म्हणजे दमा हाताबाहेर आहे, याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा.

अटॅक आला तर

माणसाला बसवा, आडवं करू नका. कपडे सैल करा, गर्दी हटवा. आरामाचा पंप स्पेसरमधून एक-एक करून ४ ते १० फवारे द्या. स्पेसर नसेल तर नुसता द्या, वेळ घालवू नका. वीस मिनिटांत नीट फरक पडला नाही तर दवाखाना गाठा.

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर थांबूच नका, लगेच १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत पंप देत राहा : एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, माणूस गुंगीत जातो. आणि घरघर एकदम बंद झाली पण माणूस गळून गेला, तर ‘आता शांत झाला’ असं समजू नका. हवा जायचीच थांबली की आवाजही थांबतो. हे सगळ्यात वाईट लक्षण आहे.

कुठं जायचं?

सुरुवात गावातूनच होते. तीस वर्षांपुढच्या माणसांचा जो फॉर्म आशाताई भरतात, त्यात धाप, खोकला आणि चुलीच्या जळणाबद्दल प्रश्न असतात. ‘काही नाही’ म्हणून मोकळे होऊ नका, खरं सांगा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचं सिव्हिल अशी पुढची वाट आहे. असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी कार्यक्रमात आता बीपी-शुगरबरोबर दमाही धरला आहे. सालब्युटामॉल आणि बुडेसोनाइड ही दोन्ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जनऔषधी केंद्रातही पंप मिळतात, बाहेरच्यापेक्षा बरेच स्वस्त. स्पायरोमेट्री कुठं होते ते ग्रामीण रुग्णालयात विचारून घ्या. जाताना सध्या घेता ती सगळी औषधं आणि पंप सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवा. पद्धत चुकत असेल तर तिथंच कळेल.

औषध सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पण एक काम आजच करता येईल. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी जो कुणी दमेकरी असेल, त्याचा पंप हातात घेऊन बघा. नाव वाचा, तारीख बघा, किती फवारे उरले ते मोजा. आमच्या घरात हे कुणी केलं नाही. थ्रेशर लावायच्या आधी डिझेल बघतो, तसं हेही बघत जा.